आधी गोलकीपरला काढा!

२०२४ सालच्या भाऊबिजेला आमच्याकडे फराळाला चौघे जण होते. आमचे बिऱ्हाड खडकीचे. पुण्यात इतरत्र चार माणसे चकलीच्या ताटाभोवती बसली तर क्रिकेट निघते, नाहीतर महापालिकेचे पाणी निघते. खडकीत अजून हॉकी निघते. त्याला आमचा इलाज नाही. दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मोडक्या स्टिका दोरीने बांधून शिकलेला धनराज पिल्ले चार ऑलिंपिक खेळून आला, हे इथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. ज्या गावात असे एकदा घडते, त्या गावातल्या प्रत्येक निवृत्त माणसाला वाटू लागते की भारताचा संघ आपल्याला विचारून निवडला असता तर बरे झाले असते.

चौघांत एक आमचे शेजारी फोरमनकाका. कारखान्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली; पण तरुणपणी ते लेफ्ट हाफला खेळत आणि ती जागा त्यांनी अजून सोडलेली नाही. दुसरे माझे मेहुणे. ते बँकेत आहेत, त्यामुळे जगातल्या कोणत्याही प्रश्नात त्यांना आधी मॅनेजमेंट दिसते. तिसरे मेहुण्यांचे चिरंजीव, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेले. चौथे गृहस्थ म्हणजे माझ्या शाळेतल्या एका मुलीचे वडील. मुलगी आमच्या संघात लेफ्ट-इनला खेळते. गृहस्थ सज्जन आहेत, म्हणून याहून अधिक ओळख देत नाही.

माझीही ओळख देऊन टाकतो, कारण पुढे मी जरा मोठ्या आवाजात बोलणार आहे. मी मॅट्रिकच्या पलीकडे गेलो नाही. चार कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या दोन छापल्या गेल्या. वीस-बावीस वर्षे एका लहानशा खाजगी शाळेत मुलांना मराठी शिकवतो आहे. हॉकीचा संघ माझ्याकडे आला तो मला हॉकी येते म्हणून नव्हे, तर कामे वाटली त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी सर्वांत शेवटी पोचलो म्हणून. हॉकी मी नंतर शिकलो, पोरांकडूनच शिकलो.

असो. पॅरिसच्या ऑलिंपिकला तेव्हा तीन महिने व्हायचे होते. भारताला ब्राँझपदक मिळाले होते. स्पेनला २-१ असे हरवून मिळाले होते. आणि टोकियोच्या पाठोपाठ मिळाले होते. अशी लागोपाठ दोन पदके १९७२ नंतर प्रथमच आली होती. पण आमच्या बैठकीत ते ब्राँझ बेसनाच्या मोडक्या लाडवासारखे बाजूला पडले होते, आणि मंडळी तुटून पडली होती ती जर्मनीकडून २-३ असा गमावलेल्या उपान्त्य सामन्यावर.

"त्या प्लॅस्टिकच्या गवताने आपली हॉकी खाल्ली," फोरमनकाका म्हणाले. हे वाक्य ते दर दिवाळीला म्हणतात.

"गवताचे सोडा हो, काका. मॅनेजमेंट बघा. दर दोन वर्षांनी नवा साहेब! बँकेत असे मॅनेजर बदलले तर लोक ठेवी ठेवतील का?" हे मेहुणे.

चिरंजीवांना या दोन्ही गोष्टी जुन्या वाटल्या. नुकताच ऑक्टोबरात दिल्लीला हॉकी इंडिया लीगचा लिलाव झाला होता आणि त्याचे आकडे त्यांच्या जिभेवर होते. हरमनप्रीत सिंगला सूरमा क्लबने ७८ लाखांना घेतले. अमक्याने मधली फळी पोकळ ठेवली. तमक्याने वय झालेल्या परदेशी खेळाडूवर पैसे उधळले. "आणि आपल्या महाराष्ट्राचा संघ?" मी विचारले. पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. चिरंजीवांना त्याचे काही वाटलेले दिसले नाही. ते हैदराबादचे भक्त झाले होते.

चहा घेऊन आलेली सौभाग्यवती म्हणाली, "तुम्ही मघापासून ऐकते आहे तेवढ्यात अकराही जणांना काढून झाले. आता खेळायचे कोणी?"

सगळे हसले. तेव्हा लेफ्ट-इनचे वडील, जे इतका वेळ चिवडा खात ऐकत होते, ते माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, भारताचे राहू द्या. आपल्या शाळेचे बघा. पुढच्या वर्षी संघ नीट करायचा असेल, तर आधी त्या गोलकीपरला काढा."

आणि काय आश्चर्य! गवतापासून लिलावापर्यंत ज्यांचे कशावरही एकमत झाले नव्हते, त्या सगळ्यांनी एकदम माना हलवल्या. हा लेख त्या हललेल्या मानांविरुद्ध आहे.

आधी किरकोळ हिशेब मिटवू. फोरमनकाकांचे गवत घ्या. १९७६ साली माँट्रियलला ऑलिंपिकची हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर झाली आणि भारत सातवा आला, हे खरे. पण १९६० साली रोमला आपले सुवर्णपदक गेले ते गवतावर. १९६८ ला मेक्सिकोत आणि १९७२ ला म्युनिकला आपण तिसरे आलो, तेही गवतावरच. उलट १९८० साली मॉस्कोला सोने परत आले ते कृत्रिम मैदानावर. तिथे बहिष्कारामुळे निम्मी दुनिया आली नव्हती, असे फोरमनकाका लगेच म्हणतील, मान्य आहे. कृत्रिम मैदाने आपल्याकडे उशिरा आली, थोडी आली आणि त्याने नुकसान झाले, हेही मान्य आहे. पण उतरण त्याआधी लागली होती, आणि एकच सबब पन्नास वर्षे पुरवून खाणे हे घरच्या चिवड्यालाही जमत नाही.

चिरंजीवांच्या लिलावाबद्दल एवढेच सांगतो. २०१३ साली ही लीग पहिल्यांदा झाली तेव्हा मुंबईचा संघ होता. प्रशिक्षक कोण, तर ऑस्ट्रेलियाला विश्वविजेते करणारे रिक चार्ल्सवर्थ. पेनल्टी कॉर्नरला कोण, तर संदीप सिंग; त्या साऱ्या स्पर्धेत सर्वांत जास्त गोल त्याचेच. आणि संघाचा क्रमांक? पाचांत पाचवा. त्या वर्षी पाकिस्तानी खेळाडूंना परत पाठवावे लागले आणि त्यांत मुंबईचेही काही होते, हा वाटा वजा करा. तरी उरते ते हेच की नावाजलेला आचारी आणि उंची मसाला आणला म्हणून पंगत उठत नाही, वाढपीही लागतात. हॉकीतले वाढपी म्हणजे मधल्या फळीतले हाफ. त्यांच्यावर बोली फारशी चढत नाही.

मेहुण्यांचा मुद्दा मात्र वजनदार आहे आणि त्याला मी वजनानेच उत्तर देणार आहे. प्रशिक्षकांची यादी मला पाढ्यासारखी पाठ आहे: ब्रासा, नॉब्स, वॉल्श, व्हान आस, ओल्टमन्स, मरीने, हरेंद्र सिंग, रीड. २००९ ते २०१९, दहा वर्षांत आठ! टेरी वॉल्श यांनी २०१४ साली इंचॉनला आशियाई सुवर्णपदक मिळवून दिले आणि त्याच वर्षी ते गेले. पॉल व्हान आस तर एका पावसाळ्यापुरतेही टिकले नाहीत. २०१८ च्या मे महिन्यात आणखीच गंमत झाली. पुरुषांचे मरीने मुलींच्या संघाकडे आणि मुलींचे हरेंद्र सिंग पुरुषांच्या संघाकडे, अशी अदलाबदल झाली. जणू पाचवी 'अ' आणि पाचवी 'ब'चे वर्गशिक्षक बदलले! हरेंद्र सिंगांना तिथे वर्षही पुरे करू दिले नाही. भुवनेश्वरच्या विश्वचषकात उपउपान्त्य फेरीत हॉलंडकडून १-२ असे हरलो, आणि थोड्याच दिवसांत त्यांना निरोप मिळाला.

मग ग्रॅहॅम रीड आले आणि टिकले. करोनाच्या काळात पोरे बंगळूरच्या केंद्रात महिनोन्महिने एकत्र राहिली. २०२१ च्या ऑगस्टात टोकियोला जर्मनीला ५-४ असे हरवून ४१ वर्षांनी पदक आले. मुलींच्या वर्गात बदली झालेल्या मरीनेंचा संघही त्याच ऑलिंपिकमध्ये चौथा आला. म्हणजे मेहुण्यांचे म्हणणे खरे ठरले, नाही का? ठरले. पण २०२३ च्या जानेवारीत विश्वचषकात न्यूझीलंडशी ३-३ अशी बरोबरी होऊन आपण शूट-आउटवर बाहेर पडलो, रीड यांनी राजीनामा दिला, तेव्हा याच मेहुण्यांनी मला फोन केला होता. फोनवरचे त्यांचे वाक्य मला अजून आठवते: "गेला ते बरे झाले. नवा माणूस पाहिजेच होता." बँकेतल्या ठेवींचे त्या दिवशी त्यांना स्मरण राहिले नव्हते.

मला म्हणायचे आहे ते हे. साहेब बदलणारे साहेब वरती दिल्लीत बसतात. पण 'बदला, बदला' म्हणून ओरडणारे आपण खाली बसतो, आणि त्यांना तेच हवे असते. लोकांना कोणीतरी काढलेला दाखवला की खुर्चीला धक्का लागत नाही. २००८ च्या मार्चमध्ये चिलीतल्या सँटियागोला ब्रिटनने आपल्याला ०-२ असे हरवले आणि ऑलिंपिकच्या इतिहासात पहिल्यांदा हॉकीत भारत पात्रच ठरला नाही. प्रशिक्षक होते जोकिम कार्व्हालो, आपले मुंबईचे. त्यांनी लगेच राजीनामा दिला. के. पी. एस. गिल चौदा वर्षे अध्यक्ष होते. त्यांनी दिला नाही. पुढल्या महिन्यात संघटनेचेच निलंबन झाले तेव्हा ती खुर्ची सुटली. चौदा वर्षांत किती प्रशिक्षक आले, किती कर्णधार आले! खुर्ची मात्र टर्फपेक्षा पक्की बसवलेली होती.

आता मुख्य आरोपीकडे वळतो, म्हणजे गोलकीपरकडे.

वाचकांत कोणी हॉकी न पाहिलेले असतील, विशेषतः ज्या माउल्या हा अंक करंज्या तळून झाल्यावर हातात घेतील, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हॉकीचा गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच असतो. म्हणजे आपल्या दिवाणखान्याची एक भिंत समजा. पेनल्टी कॉर्नरला त्या भिंतीवर जो चेंडू सोडतात तो डीच्या कडेवरून, साधारण साडेचौदा मीटरवरून येतो. चांगल्या फ्लिकरचा चेंडू ताशी शंभर किलोमीटरपर्यंत जातो. गणित घाला: अर्धा सेकंद मिळतो. अर्ध्या सेकंदात भिंत राखायची! म्हणून गोलकीपरबरोबर आणखी चौघे उभे असतात, आणि त्यांतला एक चेंडूच्या वाटेतच धावत सुटतो. गुडघा फुटला तर फुटला. पॅरिसला हे काम अमित रोहिदास करीत असे. ब्रिटनविरुद्ध त्याला लाल कार्ड मिळाले. उरलेल्या दहा जणांनी तो सामना शूट-आउटपर्यंत खेचून जिंकला, पण त्यामुळे उपान्त्य सामन्याला रोहिदास नव्हता. जर्मनीचा पहिला गोल झाला तो पेनल्टी कॉर्नरवरच. आता सांगा, तो गोल गोलातल्या श्रीजेशवर लिहायचा, की त्याच्यापुढे दहा मीटरांवर मोकळ्या राहिलेल्या त्या जागेवर?

पण लिहिला जातो गोलकीपरवर. लेफ्ट-इनने मध्यावर चेंडू गमावला तर तो धावत्या खेळात मिसळून जातो. हाफ मागे आला नाही, हे पाहायला सगळ्यांची नजर पुढे गेलेली असते. बॅकने चुकीच्या वेळी लोळण घेतली तर लोक म्हणतात, काय जीव टाकतो पोरगा! आणि मग चेंडू गोलकीपरच्या पायांतून जातो, फळ्यावर आकडा लागतो, आणि साऱ्या मैदानाला एकदम माणूस सापडतो.

१९८२ सालच्या १ डिसेंबरला दिल्लीत एशियाडचा अंतिम सामना झाला. पाकिस्तान ७, भारत १. गोलात मीररंजन नेगी होता. पहिला गोल आपण केला होता, हे आज कोणाला आठवत नाही. पाकिस्तानचा तो संघ साधा नव्हता. त्याच वर्षाच्या सुरुवातीला आपल्या मुंबईत झालेला विश्वचषक त्यांनी जिंकला होता. आपली फळी पुढे चढत गेली आणि त्यांचे फॉरवर्ड मागच्या मोकळ्या रानातून एकेकटे नेगीसमोर येत राहिले. पण देशाने ठरवले ते काय? नेगीने पैसे खाल्ले! एका माणसाने सात गोल विकले! अकरा जणांचा पराभव एका माणसाच्या खिशात घालणे किती सोयीचे असते पाहा. त्याला रस्त्यात शिव्या बसल्या. त्याची कारकीर्द तिथेच संपली. ज्यांनी संघाला असे उघडे पुढे चढवले, ज्यांनी तो संघ निवडला, त्यांची नावे मी खडकीत कितीतरी जणांना विचारली आहेत. कोणाला सांगता आली नाहीत. नेगीचे नाव सगळ्यांना माहीत आहे. १९८२ साली जन्मलेलाही नव्हता त्या चिरंजीवांनाही माहीत आहे, कारण त्यांनी सिनेमा पाहिला आहे.

याच नेगीला सोळा वर्षांनी गोलकीपरांना शिकवायला बोलावले. १९९८ च्या डिसेंबरात बँकॉकच्या एशियाडला भारत अंतिम सामन्यात पोचला. कोरियाशी १-१ अशी बरोबरी झाली, टायब्रेकर आला, आशिष बल्लाळने गोल राखला, आणि १९६६ नंतर प्रथमच सोने आले. कर्णधार आमचा धनराज. त्या रात्री खडकीत फटाके वाजले, ते मी ऐकले आहेत. पुढे काय झाले? पुढच्याच संघातून धनराजसकट सात जणांना वगळले. 'विश्रांती दिली, नव्यांना संधी दिली' असे सांगण्यात आले. भत्त्यांबद्दल आणि सोयींबद्दल ते बोलले होते, हे लोक आपापसांत बोलत. प्रशिक्षक कौशिकही गेले. आणि त्या सातांत बल्लाळ होता. १९८२ चा गोलकीपर हरला म्हणून गेला. १९९८ चा जिंकून दिल्यावर गेला. मग गोलकीपरने करायचे तरी काय?

तुम्ही म्हणाल, त्या वेळी लोक चिडले नसतील का? चिडले. आठ दिवस चिडले. मी स्वतः एक कडक पत्र लिहून वर्तमानपत्राकडे पाठवले होते; ते छापून आले नाही, आणि आले नाही याचे मला तेव्हा थोडे बरेच वाटले. नंतर क्रिकेटचा हंगाम लागला.

पूर्वीही असेच होते, असे म्हणून कोणी सुटू नये. पूर्वी असे नव्हते. शंकर लक्ष्मणची गोष्ट घ्या. महूचा मुलगा, फौजेत बँडवाला म्हणून शिरला. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा, म्हणजे आपलाच म्हणायला हरकत नाही. १९५६ साली मेलबर्नला त्याच्या संघावर साऱ्या ऑलिंपिकमध्ये एकही गोल झाला नाही. ३८ विरुद्ध शून्य! आणि १९६० साली रोमला अंतिम सामन्यात पाकिस्तानचा एकच चेंडू त्याला चुकवून आत गेला. १९२८ पासून ऑलिंपिकमध्ये आपण हरलो नव्हतो. बत्तीस वर्षांचे साम्राज्य त्या एका चेंडूने गेले. बळीचा बकरा हवा असता तर याहून लठ्ठ बकरा कुठे मिळाला असता? पण त्याला काढले नाही. चार वर्षांनी टोकियोला, पुन्हा पाकिस्तान समोर, पुन्हा अंतिम सामना, गोलात पुन्हा तोच लक्ष्मण. आपण १-० असे जिंकलो, आणि शेवटपर्यंत चढत आलेल्या पाकिस्तानला त्याने आत येऊ दिले नाही. १९६६ च्या बँकॉक एशियाडला त्याला कर्णधार केले, तेव्हाही सोने आले. रोमहून परतल्यावर कोणी म्हणाला असता, 'आधी गोलकीपरला काढा', तर टोकियोचे सोने कोणी आणले असते?

पुढे त्याच लक्ष्मणचा शेवट महूलाच २००६ साली हलाखीत झाला, हेही लिहिले पाहिजे. त्या काळाला मी सोन्याचा मुलामा देत नाही.

आणि बलाढ्य संघाची माणसे आपले व्यंग कसे पाहतात याचा नमुना त्याहून जुना आहे. १९३६ साली बर्लिनला पोचल्यावर ध्यानचंदचा संघ सरावाच्या सामन्यात जर्मनीकडून १-४ असा हरला. त्या काळी भारत हॉकीत हरणे म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवणे. संघाची माणसे बसली. पुढच्या फळीत जागा कुठे पोकळ आहे ते पाहिले. हिंदुस्थानात तार करून दाराला बोलावले. दारा विमानाने आला, उपान्त्य सामना खेळला, आणि १५ ऑगस्टला अंतिम सामन्यात त्याच जर्मनीला ८-१ असे लोळवले. चिरंजीव, ही खरी खरेदी! पोकळ जागा आधी पाहायची, माणूस मग आणायचा. आपण काय करतो? माणूस आधी काढतो, आणि जागा पोकळच राहते.

आता मला जे सांगायला सर्वांत जड जाते ते सांगतो.

वीस वर्षांपूर्वी, संघ नवाच माझ्याकडे आला होता तेव्हा, आमची मुले एका आंतरशालेय अंतिम सामन्यात ०-३ अशी हरली. तिन्ही गोल उजव्या बाजूने झाले. राइट हाफ मागे येतच नव्हता. हॉकीत मी नवखा असूनही मला ते दिसत होते. पण राइट हाफ हा संस्थेच्या एका चालकांचा पुतण्या होता. गोलकीपर होता रेंजहिल्सकडून सायकलवर येणारा एक अबोल मुलगा. वडील नव्हते, आई घरकामाला जात असे. शाळेत सगळ्यांच्या तोंडी एकच होते: गोलकीपरमुळे गेलो. दुसऱ्या दिवशी मी पुढच्या स्पर्धेची यादी लिहिली. गोलकीपरच्या जागी दुसरे नाव घातले. राइट हाफ होता तिथेच ठेवला.

यादी फलकावर लागली तेव्हा तो मुलगा ती वाचत उभा होता. मी दुसऱ्या दाराने वर्गात गेलो. तिसऱ्या दिवशी त्याने पॅड आणून दिले. धुऊन, उन्हात वाळवून, पट्टे नीट गुंडाळून आणले होते. "सर, डाव्या पॅडची शिवण मी घरी घातली आहे," एवढे म्हणाला. पुन्हा मैदानावर आला नाही. पुढच्या स्पर्धेत आम्ही ०-५ हरलो. गोल पुन्हा उजव्या बाजूने. तो आता टेंपो चालवतो. बाजारात भेटला की गाडी थांबवून नमस्कार करतो. तो विसरला असेल. मी विसरलेलो नाही. दिल्लीच्या निवड समितीला मी या लेखात एवढे बोललो, पण तिने जे देशाला केले ते मी त्या पोराला केले, आणि त्याच कारणाने केले: ज्याच्या मागे कोणी नाही त्याला काढणे सोपे असते.

म्हणून भाऊबिजेच्या त्या दिवशी लेफ्ट-इनच्या वडिलांना मी हसून उत्तर दिले नाही. मी आत गेलो आणि वही घेऊन आलो. तिच्यात मी अलीकडे प्रत्येक सामन्याचा प्रत्येक गोल लिहून ठेवतो: चेंडू कुठे गेला, कोणाकडून गेला, कोण मागे आले, कोण आले नाही. त्या पावसाळ्यात आमच्या मुली जिल्ह्याच्या सामन्यात ०-४ अशा हरल्या होत्या. चारांपैकी एक गोल गोलकीपरच्या चुकीने झाला. ती पुढे यायला नको तेव्हा पुढे आली. दोन आमच्या हाफ दमल्यामुळे झाले, कारण आठवड्यातून दोनच दिवस मैदान मिळते आणि त्यांतल्या एका दिवशी तिथे मंडप असतो. चौथा कोणी मध्यावर चेंडू गमावून कमरेवर हात ठेवून उभे राहिल्यामुळे झाला, ते मी त्या दिवशी वाचून दाखवले नाही. वही मात्र पुढे सरकवली. त्यांनी ती वाचली. चिवड्याची बशी खाली ठेवली.

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली तेव्हा संस्थेकडे पालकांचा एक अर्ज आला. सह्या नऊ. मागणी एकच. मला बोलावणे आले. "एवढे पालक म्हणताहेत, मास्तर, तर बदलून टाका ना. आपल्याला काय करायचे आहे?" असे मला समजुतीने सांगण्यात आले. मी म्हणालो, संघ माझ्याकडे आहे तोवर ती मुलगी गोलात राहील. तिला काढायचे तर आधी मला काढा. हे वाक्य बोलताना माझे पाय किती कापत होते ते टेबलामुळे दिसले नसावे. खाजगी शाळेतल्या मॅट्रिक मास्तराला काढायला फार वेळ लागत नाही. त्यांनी 'विचार करतो' म्हणून सांगितले. तो विचार अजून चालू आहे.

श्रीजेशच्या वडिलांनी गाय विकून मुलाच्या पॅडचे पैसे उभे केले, ही गोष्ट मी त्या मुलीला सांगितली होती. २००६ साली तो पहिल्यांदा भारतासाठी खेळला आणि टोकियोचे पदक आले २०२१ ला. मधली पंधरा वर्षे किती जणांनी 'याला काढा' म्हटले असेल, तेही सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "सर, आमच्याकडे गाय नाही. पण उजव्या पॅडचा पट्टा तुटला आहे, तो तेवढा शिवून द्या."

खडकी बाजारातल्या चांभाराने तो शिवून दिला. चाळीस रुपये घेतले. शाळेच्या खात्यावर घालता येईल अशी पावती त्याच्याकडे नव्हती. यंदाच्या संघाची यादी मी परवाच फलकावर लावली. गोलकीपरचे नाव यादीत पहिले लिहितात, तसे तिचे पहिले आहे. त्याखाली लेफ्ट-इनचेही नाव आहे. पोर आता चेंडू गमावला की मागे धावते. तिच्या वडिलांना भाऊबिजेचे बोलावणे गेले आहे. येतो म्हणून अजून निरोप नाही.